पॉवर बँक घेताय? आधी वजन बघा, मग आकडा

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी छाटली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज पॉवर बँक. तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये हा विषय इतक्या वेळा आलाय की आता टाळण्यात अर्थ नाही. त्यातल्याच एका नोटने सुरुवात करतो. नांदेडहून एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, माझी धाकटी बहीण परीक्षेसाठी पहिल्यांदाच एकटी पुण्याला चाललीय, रात्रीच्या बसने. तिचा फोन जुना आहे, बॅटरी अर्ध्या दिवसात बसते. हॉल तिकीट, पैसे, मॅप सगळं फोनमध्येच. ऑनलाइन ५०,००० एमएएचची पॉवर बँक ७९९ रुपयांना दिसतेय. घेऊ का?"

नको घेऊ रे. आणि का नको, हे समजलं की पॉवर बँक निवडण्यातलं अर्धं काम झालं, म्हणून तिथूनच निघू.

पॉवर बँकच्या आत असतं काय? एक किंवा जास्त लिथियम-आयन सेल, आणि एक छोटं सर्किट. बस. हे सेल दोन तऱ्हेचे. एक गोल, टॉर्चच्या सेलसारखे दिसणारे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. म्हणूनच त्यांचं नाव १८६५०. दुसरे चपटे, चंदेरी पाकिटासारखे, त्यांना लिथियम पॉलिमर म्हणतात. आता १८६५० चा चांगल्यातला चांगला सेल ३,५०० एमएएचच्या आसपास साठवतो आणि त्याचं वजन ४५ ते ५० ग्रॅम भरतं. चपट्या सेलचं गणितही साधारण असंच येतं.

मग करा भागाकार. ५०,००० भागिले ३,५००, म्हणजे पंधरा सेल. पंधरा सेलचं वजन पावणेसातशे ग्रॅमच्या पुढे. हे नुसत्या सेलचं झालं, खोका आणि सर्किट वेगळं. जाहिरातीतली ती ७९९ वाली पॉवर बँक किती ग्रॅमची आहे ते खाली बारीक अक्षरात बघा. दोनशे-अडीचशे ग्रॅम लिहिलं असेल, तर आत ५०,००० एमएएच मावूच शकत नाहीत. हा कंपनी चांगली की वाईट असा प्रश्नच नाही, हे अशक्य आहे. एक किलोच्या पिशवीत तीन किलो तांदूळ भरलेत असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल ना, तसंच.

लक्षात ठेवायला सोपं करून सांगतो. खरी १०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण १८० ते २५० ग्रॅमची असते. २०,००० ची साडेतीनशे ते साडेचारशे. ती हातात घेतली की चांगली जड लागते. अर्थात फसवणारे हुशार असतात. वजन वाढवण्यासाठी आत वाळू किंवा लोखंडाचे तुकडे भरलेल्या पॉवर बँकही सापडल्या आहेत. म्हणजे हलकी असेल तर खोटी हे नक्की, पण जड असेल तर खरीच असं नाही. त्यासाठी दुसरी परीक्षा आहे, तिच्याकडे येऊच.

आता खऱ्या पॉवर बँकबद्दलची सगळ्यात जास्त येणारी तक्रार. "दादा, माझा फोन ५,००० एमएएचचा. पॉवर बँक १०,००० ची, चांगल्या कंपनीची. फोन दोनदा फुल व्हायला पाहिजे, पण दीडदाच होतो. फसवलं का?"

नाही फसवलं. पण पुरतं सांगितलंही नाही, हे मात्र खरं.

एमएएच हा आकडा एकटा काही सांगत नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत पाणी किती, हे झालं एमएएच. टाकी किती उंचावर ठेवलीय, हे झालं व्होल्ट. त्या पाण्याकडून काम किती होणार, ते दोन्हींवर अवलंबून. या दोन्हींच्या गुणाकाराला वॅट-तास म्हणतात, आणि ऊर्जेचं खरं माप तेच. सेलमध्ये ही ऊर्जा ३.७ व्होल्टला असते. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास, गुणिले ३.७, म्हणजे ३७ वॅट-तास. तुमच्या पॉवर बँकच्या मागे "३७ डब्ल्यूएच" असं छापलेलं असतं, ते हेच.

पण यूएसबीतून बाहेर पडताना किमान ५ व्होल्ट लागतात. म्हणजे आतलं सर्किट ३.७ चे ५ करतं, आणि त्या उचलाठेवीत काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. पॉवर बँक गरम लागते ती त्यामुळेच. शंभरातले दहा-पंधरा इथे गेले असं धरा. उरले साधारण साडेएकतीस वॅट-तास. पुढे फोन स्वतः चार्ज होताना थोडं खातो, शिवाय चार्जिंगला लावूनही आपण रील्स बघत असतोच, तेही त्यातूनच. फोनच्या बॅटरीत शेवटी पोचतात अठ्ठावीसच्या आसपास. तुमच्या ५,००० एमएएचच्या फोनला एकदा फुल व्हायला लागतात एकोणीस. अठ्ठावीस भागिले एकोणीस केलं की दीड येतं. तुमचा दीड तो हाच.

आता डबा हातात घ्या आणि मोठ्या आकड्याच्या खाली जरा डोळे बारीक करून बघा. "रेटेड कपॅसिटी" म्हणून दुसरा आकडा असतो, ५,८०० किंवा ६,२०० असा काहीतरी. कंपनीने ५ व्होल्टला प्रत्यक्षात किती मिळेल ते तिथे लिहिलेलं असतं. दोन पॉवर बँक समोर असतील तर तुलना या आकड्याची करा. दोन्ही १०,००० च्याच, पण एकीचा रेटेड ५,५०० आणि दुसरीचा ६,५००, तर दुसरी सरळसरळ चांगली. आणि हा आकडा ज्या डब्यावर कुठेच नाही, तो डबा मी तरी परत ठेवून देईन.

एक छोटी सूचना. हा रेटेड आकडा फोनच्या एमएएचने थेट भागू नका, कारण हा ५ व्होल्टचा आणि फोनचा साधारण ३.८५ चा. उंची वेगळी असलेल्या दोन टाक्या नुसत्या लिटरमध्ये मोजल्यासारखं होईल ते. एवढा हिशोब नको असेल तर ढोबळ नियम असा: ५,००० च्या फोनसाठी १०,००० ची दीड वेळा, २०,००० ची तीन वेळांना थोडी कमी. आजोबांच्या बटणाच्या फोनला, ज्याची बॅटरी १,००० एमएएच असते, १०,००० ची सात वेळा तरी पुरते. वारीला जाणाऱ्या घरच्या माणसांसाठी काय घ्यावं असं दोघांनी विचारलं होतं. फोन बटणाचा असेल तर १०,००० ची साध्या यूएसबी पोर्टची घ्या, भरपूर झालं. पाठीवर उगाच जादा पाव किलो कशाला?

आता येतो फास्ट चार्जिंगचा घोळ. इथे मात्र थोडं थांबायला लागेल, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर, १० वॅट. ९ व्होल्ट आणि २.२२ अँपिअर, २० वॅट. इथपर्यंत सोपं. अडचण ही की वॅट नुसते पॉवर बँककडे असून चालत नाही. फोन आणि पॉवर बँक यांच्यात आधी बोलणी होतात. केबल लावल्या लावल्या फोन विचारतो, तू किती व्होल्ट देऊ शकतेस? दोघांना एकच भाषा येत असेल तर बोलणी पुढे जातात. नसेल, तर दोघेही गुपचूप ५ व्होल्टवर येऊन बसतात आणि तुमचा फोन मुंगीच्या पावलाने चार्ज होतो.

या भाषा अनेक आहेत. सगळ्यांची सामाईक म्हणता येईल अशी भाषा म्हणजे यूएसबी पीडी, पॉवर डिलिव्हरी. आयफोनला हीच कळते, पिक्सेलला हीच. सॅमसंगच्या गॅलेक्सी फोनना २५ वॅटचं "सुपर फास्ट" हवं असेल तर पीडीमधलाच एक उपप्रकार लागतो, पीपीएस. त्यात व्होल्टेज एकदम उडी न मारता बारीक बारीक पायऱ्यांनी बदलतं. पॉवर बँकवर नुसतं पीडी लिहिलंय आणि पीपीएस नाही, तर सॅमसंग चार्ज होईल, पण "सुपर" हा शब्द स्क्रीनवर दिसणार नाही. वनप्लस, ओप्पो, रिअलमी यांची घरची बोली वेगळी, सुपरवूक. ६७ किंवा ८० वॅटचा चार्जर डब्यात आला म्हणून तुमचा फोन कुठल्याही पॉवर बँकवर ८० वॅट घेईल असं नाही. साध्या पीडी पॉवर बँकवर तो बरेचदा दहा ते वीस वॅटच्या दरम्यान कुठेतरी थांबतो. तो किती घेतो हे मॉडेलनुसार बदलतं, म्हणून आपल्या फोनच्या नावापुढे "पीडी किती वॅट" असं शोधून बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि हजार रुपये वाचतात.

आणि हो, ते "२२.५ वॅट". आज बाजारातल्या बऱ्याच पॉवर बँकवर हा आकडा मोठ्या अक्षरात असतो. मागे आउटपुटची ओळ वाचा. त्यात ५ व्होल्ट ४.५ अँपिअर किंवा १० व्होल्ट २.२५ अँपिअर अशी एक जोडी सापडेल, त्यातून २२.५ येतात. हा प्रकार मुळात हुवावेच्या फोनच्या पद्धतीतला. तुमच्या फोनला ती पद्धत कळत नसेल तर त्याच ओळीतली ९ व्होल्टची जोडी लागू होते, म्हणजे जास्तीत जास्त १८ किंवा २० वॅट. फरक फार मोठा नाही, पण २२.५ साठी जादा पैसे मोजायचं कारणही नाही.

केबलबद्दल एकच गोष्ट. पीडी फक्त सी टाइपच्या पोर्टमधून चालतं. पॉवर बँकच्या जुन्या, चौकोनी मोठ्या पोर्टमध्ये केबल खोचून "पीडी चालत नाही" म्हणणारे मी रोज बघतो. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावा आणि मग सांगा. एकाच वेळी दोन फोन लावले की वेग दोघांचाही पडतो, तो बिघाड नाही. बऱ्याच पॉवर बँक दुसरी केबल लागली की सगळं ५ व्होल्टवर आणून वाटून देतात. घाई ज्याची, त्याचा फोन आधी आणि एकटा.

बरं, पॉवर बँक फोन किती वेगाने भरते हे सगळे बघतात. ती स्वतः किती वेळात भरते हे कुणी बघत नाही! २०,००० ची घेतली, ७४ वॅट-तास. तिचा इनपुट १० वॅटचाच असेल तर रिकामी ते फुल व्हायला आठ-नऊ तास. रात्री अकराला रूमवर आलात, सकाळी सहाला निघायचंय, ती अर्धवटच राहणार. इनपुट १८-२० वॅटचा असेल तर साडेचार-पाच तास. म्हणून आउटपुटइतकीच इनपुटची ओळही वाचा. आणि घरात जुना ५ वॅटचा चार्जर पडलाय त्यावर ती लावून "दोन दिवस झाले भरत नाही" अशी तक्रार करू नका. रेल्वेने जाणाऱ्यांनो, तुमच्यासाठी आणखी एक. काही गाड्यांमध्ये रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंटची वीज बंद ठेवतात, आग लागू नये म्हणून. तेव्हा "गाडीत भरू" या भरवशावर घरातून रिकामी पॉवर बँक घेऊन निघू नका.

आता ती दुसरी परीक्षा. भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. पॉवर बँकवर बीआयएसचं नोंदणी चिन्ह असतं, आयएस १३२५२ हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली आर अक्षर, आडवी रेघ आणि आठ आकडे. हा आर नंबर महत्त्वाचा. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, फुकट आहे. त्यात आर नंबर टाका. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, कोणत्या वस्तूसाठी आहे, चालू आहे की रद्द झालीय, सगळं समोर येतं. नंबर टाकला आणि उत्तरात भलतीच कंपनी किंवा भलतीच वस्तू आली, तर समजून जा. नक्कल करणारे चिन्ह छापतातच, छापायला काय जातं? पण नोंदणी त्यांना छापता येत नाही. दुकानात उभ्या उभ्या एक मिनिट लागतं. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तर होऊ दे.

हे मी इतकं लावून का धरतोय? पैशांसाठी नाही. ७९९ गेले तर गेले. पण ती वस्तू आपण उशाशी घेऊन झोपतो.

लिथियम-आयन सेलच्या आत दोन थर असतात, धन आणि ऋण, आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पडदा. आपल्या केसापेक्षाही पातळ. भोवती जो द्रव असतो तो पेट घेणारा. तो पडदा शाबूत आहे तोवर सगळं ठीक. पॉवर बँक जोरात आपटली, चेपली, आत धातूचा एखादा कण राहून गेला, किंवा चार्जिंग कुठे थांबवायचं हे सर्किटला कळलं नाही, आणि पडदा फाटला, की आतल्या आत शॉर्ट होतो. त्याने उष्णता होते, उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वाढते, तिने आणखी उष्णता. ही साखळी एकदा सुरू झाली की बटण बंद करून थांबत नाही. चांगल्या पॉवर बँकमध्ये तापमानावर लक्ष ठेवणारं, जादा चार्ज झाल्यावर तोडणारं, शॉर्ट झाल्यावर बंद करणारं सर्किट असतं. स्वस्तात देणारा पहिली काटछाट करतो ती तिथेच, कारण ते बाहेरून दिसत नाही. दुसरी काटछाट सेलमध्ये. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल नव्या खोक्यात बसवून विकले जातात.

आणि हे फक्त नकली मालाचंच दुखणं आहे असंही नाही. जून २०२५ मध्ये अँकर या नावाजलेल्या कंपनीने अमेरिकेत आपल्या १०,००० एमएएचच्या एका मॉडेलचे ११ लाखांहून जास्त नग परत मागवले, कारण त्यांना आग लागण्याचा धोका होता. त्याच महिन्यात चीनमध्ये रोमोस कंपनीने जवळपास पाच लाख परत घेतले. मग चांगल्या कंपनीची घेऊन उपयोग काय, असं म्हणाल. उपयोग हा की चूक झाल्यावर परत मागवायला तिथे कुणीतरी असतं. पेटीवर नावच नाही, त्या मालाचं रिकॉल कोण करणार? म्हणून बिल जपा, आणि वर्षातून एकदा आपल्या मॉडेलचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा.

विमानाचं याच ओघात सांगतो, कारण आता पहिल्यांदा विमानाने जाणारे आपल्यात बरेच आहेत. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी उभं असतानाच आतून पेटलं. सगळे १७६ जण बाहेर पडले, विमान जळलं. तपास करणाऱ्यांनी पुढे सांगितलं की वरच्या सामानाच्या कप्प्यातली पॉवर बँक हे त्याचं कारण असण्याची शक्यता आहे. त्यानंतर नियम भराभर कडक झाले. चीनने २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत त्यांच्या प्रमाणपत्राच्या खुणेशिवायची पॉवर बँक बंद केली. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई केली, जवळ बाळगता येते पण चार्जिंग नाही. आणि सगळीकडे लागू असलेला जुना नियम तर आहेच: चेक-इनच्या बॅगेत पॉवर बँक कधीच टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची, आणि १०० वॅट-तासांच्या आत. १०० वॅट-तास म्हणजे साधारण २७,००० एमएएच. त्याच्या वर १६० पर्यंत विमान कंपनीची आधी परवानगी लागते. पॉवर बँकवर वॅट-तासाचा आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेऊ शकतात. निघण्याआधी आपल्या विमान कंपनीचा नियम वाचून घ्या, हे नियम सध्या सारखे बदलतायत.

तर नांदेडच्या मित्रा, बहिणीसाठी १०,००० ची घे. ओळखीच्या कंपनीची, रेटेड कपॅसिटी ६,००० च्या आसपास लिहिलेली, सी टाइपमधून आत आणि बाहेर दोन्ही चालणारी, १८ किंवा २० वॅट पीडीची. हजार-दीड हजारात येईल. त्याहून कमी पैशांत भागवायचं असेल तर वॅट कमी कर, कंपनी कमी करू नको. तिला दोन गोष्टी सांग. एक, फोन दहा टक्क्यांवर येण्याची वाट बघायची नाही, स्टॉपवर जेवायला बस थांबते तेव्हाच लावून घ्यायचा. दोन, झोपताना पॉवर बँक आणि फोन दोन्ही एकत्र चादरीत गुंडाळून ठेवायचे नाहीत. उष्णता बाहेर पडायला जागा लागते. आणि हॉल तिकिटाची एक छापील प्रत बॅगेत, शंभर-दोनशे रुपये रोख. ते चार्ज करावं लागत नाही.

ट्रेकवाल्यांचे दोन प्रश्न राहिलेत. पहिला, सोलर पॉवर बँक घ्यावी का? माझं मत, नको. पाठीवर फोनएवढा सोलरचा तुकडा असतो, तो कडक उन्हात फार तर एक-दीड वॅट देतो. ३७ वॅट-तास भरायला तीसेक तास कडक ऊन लागेल, म्हणजे पाच-सहा दिवस. तोवर तुम्ही हरिश्चंद्रगड उतरून घरी जाऊन झोपलेले असाल. शिवाय बॅटरी मुद्दाम उन्हात तापवायची, हे मला पटतच नाही. दुसरा, पावसाळ्यात काय करायचं? साधी झिपची प्लास्टिक पिशवी. भिजलेल्या पोर्टमध्ये केबल घालू नका, पुसा, वाळू द्या, मग लावा. चुंबकाने फोनला चिकटणाऱ्या वायरलेस पॉवर बँक दिसायला छान आहेत, पण वायरलेसमध्ये ऊर्जा आणखी वाया जाते आणि फोनही तापतो. ट्रेकला केबलच बरी.

ऊन हा शब्द निघालाच आहे तर विदर्भातल्या मंडळींसाठी. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पॉवर बँक ठेवून जाऊ नका. हे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं साधारण मानलं जातं, आणि नागपुरात तेवढं तर नुसत्या सावलीत असतं. वापर नसताना ती निम्मी भरून ठेवा. फुल भरून किंवा पार रिकामी करून महिनोन्महिने कपाटात टाकली तर खराब होते. दोन-तीन महिन्यांनी एकदा काढून थोडी भरा. तीनशे ते पाचशे वेळा भरून रिकामी झाली की तिचा दम कमी होतो, ते वयाचं आहे.

शेवटचा प्रश्न साताऱ्याहून. "पॉवर बँक फुगलीय, पण चालतेय. वापरू का?" नाही. आत गॅस झालाय म्हणून ती फुगलीय. चार्जिंग आजच, आत्ता बंद. टाचणीने भोक पाडून हवा काढायचे व्हिडिओ आहेत, ते करणाऱ्यांच्या नादाला लागू नका, भोक पाडलं की ती पेटू शकते. बिछाना, कागद, गॅस यांच्यापासून लांब, फरशीवर किंवा पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवा. घंटागाडीत टाकू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली जाते आणि आग तिथे लागते, त्या गाडीवर काम करणाऱ्या माणसाच्या हाताशी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा, फुगलेली आहे हे स्पष्ट सांगा, म्हणजे कशी आणायची ते तेच सांगतील. जवळ सेंटर नसेल तर नगरपालिकेचं ई-कचरा संकलन कुठे आणि कधी असतं ते विचारा. कुरिअरने पाठवू नका.

पुढच्या भागात सेकंडहँड फोन घेताना बॅटरीची तब्येत कशी तपासायची ते बघू. प्रश्न व्हॉइस नोटनेच पाठवा, आणि फोनचं मॉडेल सांगायला विसरू नका.